झोळंबीच्या सड्यावर

कोल्हापूरकराला जंगल म्हटलं की आधी दाजीपूर आठवतं, आणि ते बरोबरच आहे. राधानगरीचं अभयारण्य १९५८ सालचं, गव्यासाठी राखलेलं. पण त्याच सह्याद्रीच्या धारेवर, थोडं उत्तरेला, वारणेच्या माथ्यावर चांदोली आहे. कोल्हापुरातनं ऐंशीएक किलोमीटर. तरी आपल्याकडचे बरेच जण धरण बघतात, कणसं खातात आणि मागं फिरतात. धरणाच्या वर, डोंगराच्या माथ्यावर जे गवताचं राज्य पसरलंय, तिथपर्यंत फार थोडे पोचतात. या वेळी जानेवारीच्या अखेरीला आम्ही तिथं जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि काकी. काकींचं माहेर झोळंबी. ते गाव आता राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे आणि तिथं माणूस राहत नाही.

पहिला दिवस : कोल्हापूर, मसाई पठार, मणदूर

सरळ वारणानगर-कोकरूडवरनं गेलं तर दुपारच्या आत पोचता येतं. आम्ही मुद्दाम पन्हाळ्याच्या अंगानं निघालो, कारण चांदोलीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळाचा माळ, कळायचा तर आधी मसाईचं पठार बघावं असं माझं मत आहे. तिथं राखीव उद्यानाची बंधनं नाहीत, पायी हवं तितकं फिरता येतं, आणि पायाखालचा दगड तोच आहे.

तो दगड म्हणजे जांभा. खालचा काळा पाषाण लाखो वर्षं पावसानं कुजत, झिजत गेला. विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. त्याचा कडक, भोकाभोकांचा थर झाला. त्यावर माती कुठं चार बोटं, कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यात पाणी साचून पठाराचं तळं होतं आणि उन्हाळ्यात तोच दगड पाय भाजतो. एवढी दोन टोकं झाडाला सोसत नाहीत. मोठं झाड मूळ घालणार तरी कुठं? गवताला मात्र एवढी माती पुरते. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही इवली फुलझाडंही त्यातच भागवतात. मातीत कस नाही म्हणून दवबिंदू चिकट केसांवर किडे पकडतो आणि त्यांच्यावर पोसतो. जानेवारीत यातलं काही दिसत नाही, सगळं बी होऊन जमिनीत गेलेलं असतं. दिसतं ते तांबूस पिवळं, आखूड चरलेलं गवत, मधूनमधून उघडा काळपट कातळ, आणि मसाई देवीचं देऊळ.

याच पठारावरनं जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडं गेले. पन्हाळा ते पावनखिंड चालणारी पोरं दर पावसाळ्यात इथनं जातात, चिखलात माखून, घोषणा देत. त्यांना धुकं आणि इतिहास दिसतो. खाली वाकून दवबिंदू बघणारा एखादाच. त्यांना कुणीतरी दाखवायला हवा, एवढंच मला वाटतं. दाखवला तर पोरं हमखास थांबतात.

पठार उतरून बांबवडे, सरूड, मग वारणेच्या कडेकडेनं शित्तूर-वारुण आणि आरळा. हंगाम उसाचा. प्रत्येक वळणावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं लोंबणारे उसाचे शेंडे, आणि फडात तोडकऱ्यांच्या खोपी. खोऱ्याच्या तळाला एवढं हिरवं पीक आणि माथ्याला दगड-गवत. दोन्ही एकाच पाण्यावर. वारणा त्या माथ्यावरच उगम पावते आणि हरिपूरला कृष्णेला मिळते. इकडून बघितली तर ती कोल्हापूर आणि सांगलीची हद्द. काकींच्या बोलण्यात हद्द वगैरे नसते. त्या म्हणतात, “आमची नदी.”

मुक्काम मणदूरजवळ एका घरी. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, खर्डा. घरच्या मावशींनी काकींना गाव विचारलं. काकींनी सांगितलं, आणि मग रात्री दहापर्यंत दोघींची पाव्हण्यारावळ्यांची उजळणी चालली. कुणाचं घर उठून कुठल्या वसाहतीत गेलं, कुणाला जमीन मिळाली, कुणाच्या वाट्याला खडकाळ आली, कुणाची पोरं पुण्याला. आम्ही दोघं नुसते ऐकत बसलो.

दुसरा दिवस : उद्यानात

पहाटे थंडी चांगलीच होती. मणदूरला वनखात्याच्या नाक्यावर नोंदणी, ओळखपत्रं, पिशव्यांतलं प्लास्टिक तपासून बाहेर, आणि बरोबर एक वाटाड्या. तो जवळच्याच गावातला पोरगा. पंचविशीचा असेल. काकींना त्यानं आल्या आल्या “आज्जी, पुढं बसा” म्हणून खिडकीची जागा दिली.

थोडी माहिती इथंच सांगून टाकतो. १९८५ मध्ये हे अभयारण्य झालं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात चांदोली आहे आणि राधानगरीही आहे. मधोमध वारणेवरच्या धरणाचा वसंतसागर जलाशय, ३४ टीएमसीच्या वरचा. उंची साधारण ५९० मीटरपासून १०४४ मीटरपर्यंत. केरळातल्या किंवा निलगिरीतल्या गवताळ डोंगरांच्या मानानं ही उंची कमी आहे. पण पाऊस असा की माथ्यावरच्या पाथरपुंज गावचे आकडे दर पावसाळ्यात बातम्यांत येतात.

रस्ता आधी दाट झाडीतनं जातो. ऐन, जांभूळ, हिरडा, अंजनी, मधेच धायटीची लाल फुलं. जनीचा आंबा म्हणून जागा आहे, तिथं गाडी थांबली तेव्हा वर शेकरू होतं. फांदीवर पोट टेकून, शेपूट खाली सोडून निवांत. बायकोनं त्याच्यासाठीच अर्धा तास काढला असता. मला वर जायची घाई होती.

आणि मग झाडी संपते. हळूहळू विरळ होत नाही, एका वळणाशी संपते. समोर सडा. सकाळचं ऊन तिरपं आलेलं, कमरेएवढं वाळलेलं गवत, त्यावर दव, आणि वारा आला की सगळा माळ एका बाजूला झुकायचा. क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही. मी सह्याद्रीत पुष्कळ भटकलोय. एवढी मोकळी जागा, एकही घर, तार, मनोरा नसलेली, मी आपल्या भागात दुसरी बघितलेली नाही.

ठरलेल्या जागी वाटाड्यानं खाली उतरू दिलं. दहा पावलं टाकली तर पँटच्या खालच्या घोळाला शंभरेक कुसळं. त्यानं त्यातलं एक काढलं, तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी बोटानं त्यावर टाकलं. म्हणाला, “बघा आता.” कुसळी गवताचं बी म्हणजे पुढं टोकदार, केसाळ दाणा आणि मागं काळपट लांब शेपटी, आधीच पीळ पडलेली. पाणी लागल्यावर क्षणभर काही झालं नाही. मग शेपटी हलली. पीळ उलगडायला लागला आणि अख्खं बी तळहातावर स्वतःभोवती फिरायला लागलं, मधेच अडखळायचं, पुन्हा फिरायचं. वाळलं की पीळ पुन्हा बसतो. दवात उलगडायचं, उन्हात वळायचं, असं रोज करत ते बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. मागं वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. वणवा आला तरी तोवर बी मातीखाली पोचलेलं असतं. आपण ज्याला पायात घुसतं म्हणून शिव्या घालतो, ते हे. मी ते हातावरनं खाली ठेवायला तयार नव्हतो.

गवताचं आणखी एक आहे. झाडाची वाढ शेंड्याला होते, गवताची बुडाशी. गव्यानं वरचं खाल्लं, आग लागली, विळा फिरला, तरी कोंब जमिनीलगत सुरक्षित असतो. वरचं पिवळं दिसतं ते मेलेलं नसतं. निम्म्याहून जास्त जीव खाली मुळांत असतो. सरकारी कागदांत अशा जमिनीला वर्षानुवर्षं पडीक म्हणत आले आणि झाडं लावायच्या मोहिमांत आधी खड्डे इथंच पडले. मला त्याचा मनापासून राग आहे. माळावर झाड लावलं म्हणजे पुण्य झालं असं समजणाऱ्या प्रत्येकाला एकदा इथं आणून अर्धा तास उभं करावं.

कारण अर्ध्या तासात तो माळ किती भरलेला आहे ते दिसतं. आधी भोवत्या हा शिकारी पक्षी आला. लांब पंखांचा, फिकट राखाडी नर, गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, पंख किंचित वर धरून तरंगत. तो हिवाळ्यात मध्य आशियातनं येतो आणि रात्री झाडावर बसत नाही, गवतातच जमिनीवर उतरतो. एवढ्या लांबनं येऊन त्याला हवं असतं ते उंच गवत आणि नाकतोडे. गवत नसलं तर त्याला इथं यायचं कारणच उरत नाही. मग तिरचिमण्या, चंडोल, कापशी घार. एक लावा पायाशी भुर्रकन उडाली आणि काकी दचकल्या.

पुढं झोळंबीच्या शिवारात, विठलाईच्या अंगाला गेल्यावर काकी गप्प झाल्या. गाडी हळू झाली तशी त्या खिडकीतनं वाकून बघत होत्या. मला नुसतं गवत दिसत होतं. त्या म्हणाल्या, “थांब रं बाळा. ह्यो बांध बघ.” मग दिसायला लागलं. गवताच्या खालून जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होती. प्रत्येक पायरीला दगड रचलेले, काही ढासळलेले. ती भाताची खाचरं होती. वरच्या उतारावर नाचणी, वरी. एका ठिकाणी चार दगडी जोती, मधल्या एकाच्या पुढ्यात उखळाचा खड्डा कोरलेला धोंडा. बाजूला फणस आणि दोन आंबे, जंगलातल्या आंब्यासारखे नव्हेत, अंगणात लावल्यासारखे रांगेत.

“हितं वाडा न्हवता, गोठा हुता,” काकी म्हणाल्या. “वाडा तकडं. पर तकडं आता झाडी हाय.” त्यांनी उतरू का विचारलं. वाटाड्यानं जरा विचार करून उतरवलं, स्वतः हात धरून नेलं. त्यांनी उखळात साठलेला पाचोळा काढला, आत हात फिरवला आणि परत आल्या. पाणी बिणी काही डोळ्यांत नव्हतं. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, “गवत झ्याक आलंय.”

अभयारण्य आणि धरण, दोन्हींसाठी इथली गावं उठली. विस्थापितांचे ठिय्ये, मोर्चे आपण कोल्हापुरात बघितलेत आणि काहींचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. गव्यांचे कळप बघून आनंद होत असताना हे विसरायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होतो. वरचा सडा निसर्गाचा आहे, तिथं झाड कधी नव्हतंच. पण गावाभोवतीचे हे माळ माणसानं केलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या नांगरून, चारून, दळी म्हणजे उतारावरच्या शेताचे तुकडे भाजून त्यांनी जंगल मागं ठेवलं. माणूस गेला, शेत पडलं, आणि त्यावर गवत आलं. गवे, सांबरं आज चरायला येतात ती बहुतेक या शेतांवर.

मी वाटाड्याला विचारलं, आता गुरं नाहीत, नांगर नाही, मग हे माळ किती दिवस राहणार? त्याला हा प्रश्न आवडला. म्हणाला, “ऱ्हात न्हाईत. सोडलं तर दहा-पंधरा वर्सात करवंद, मग रानमोडी, मग झाडी.” म्हणून वनखातं माणसं लावून रानमोडी आणि घाणेरी ही माजणारी झुडपं उपटून काढतं आणि उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे वणवा पसरू नये. वाघ हवा तर सांबर-गवे हवेत, आणि ते हवेत तर चारा हवा, असा सगळा हिशेब शेवटी गवतावर येतो. २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात वाघाचा फोटो आला होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण इथं आणून सोडली. लोक वाघाचंच विचारतात, असं तो म्हणाला. आम्हाला वाघ दिसला नाही.

गवे दिसले. परतीच्या वाटेवर, ऊन चढल्यावर, झाडीच्या कडेला. आधी गवतात नुसती पाठींची रांग. मग एक गाय बाहेर आली, तांबूस तपकिरी, पायांत पांढरे मोजे, आणि आमच्याकडं बघत उभी राहिली. कळपाची म्होरकी बहुधा अशी जाणती गायच असते. मागं दोन वासरं, चार-पाच गायी, आणि बऱ्याच अंतरानं, एकटाच, बैल. कातडी काळी, तेल लावल्यासारखी, खांद्यावर वशिंडाचा उंच कणा. असा बैल हजार किलोपर्यंत भरतो. एवढं धूड चालताना काटकीचा आवाज नाही. गायीनं फुत्कार टाकला आणि सगळे वळून आत गेले. कोल्हापुरात आपल्याला गवा माहीत आहे तो उसात घुसलेला, पन्हाळा-भुदरगडच्या शिवारात, मागं माणसांचा गोंगाट, हातात मोबाईल. बिथरलेला. तोच प्राणी त्याच्या गवतात इतका शांत असतो, हे बघायला तरी एकदा इथं यावं.

पश्चिमेला सड्याची कड जिथं तुटते तिकडं वाटाड्यानं बोटानं दिशा दाखवली. प्रचितगड, आणि खाली कोकणात शृंगारपूर. येसूबाईंचं माहेर. काकींना हे माहीत होतं. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी कोकणातनं माणसं डोक्यावर मिठाची, सुक्या मासळीची ओझी घेऊन कडा चढून वर यायची आणि नाचणी घेऊन उतरायची.

तिसरा दिवस : गुढे-पाचगणी आणि घर

सकाळी गुढे-पाचगणीच्या पठारावर गेलो. हे उद्यानाबाहेर, पवनचक्क्यांचं. पाती एका लयीत फिरतात आणि खाली उभं राहिलं की पोटात घुमल्यासारखा आवाज येतो. गवत तेच. पण इथं म्हशी होत्या, शेरडं होती, आणि कापून रचलेल्या गवताच्या गंज्या. एक धनगर मामा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. काकी त्यांच्याशी बोलायला गेल्या, मी मागोमाग.

मी वणव्याचं विचारलं. मामा सरळ बोलले. पूर्वी माळ पेटवायचे, कारण जळालं की कोवळं लवकर फुटतं आणि गोचीड मरतं. “आता पेटीवत न्हाई. पर कुणीतरी पेटीवतंयच. बिडी टाकत्यात, न्हाईतर शिकारीला.” ते म्हणाले, एकदा नीट जाळलं तर गवताचं काही बिघडत नाही. पण दरसाल, उशिरा, फेब्रुवारी-मार्चच्या कडक उन्हात जळालं तर मातीच उघडी पडते, पहिल्या पावसात वाहून जाते, आणि मग उरतो नुसता दगड. गवताच्या बुडाशी कोंब सुरक्षित राहतो हे मी आदल्या दिवशी शिकलो होतो. माती गेल्यावर तो कोंब कशात राहणार, हे मामांनी सांगितलं. चंडोल आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, त्यांचं तर उशिराच्या वणव्यात काहीच उरत नाही.

आपल्या कोल्हापूर संस्थानात एकेकाळी चित्ते पाळून त्यांच्याकडनं काळवीटांची शिकार करवत. म्हणजे शहराच्या आसपास तेवढे मोठे माळ होते, त्यावर काळवीट होते. आता त्या जागी ऊस आणि बंगल्यांच्या सोसायट्या आहेत. गुढे-पाचगणीला उभं राहून हे फार जाणवलं. इथं अजून गुरं चरतात, भोवत्या फिरतो, गंज्या लागतात, आणि पवनचक्क्याही फिरतात. मला या पठाराबद्दल आशा वाटते, जोवर कुणी इथं प्लॉट पाडत नाही तोवर.

शेडगेवाडी, कोकरूड, मग वारणानगर. कोडोलीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांत तासभर अडकलो.

जाणार असाल तर चार गोष्टी. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, ऑक्टोबरच्या मध्याला उघडतं. गवत हिरवं आणि उशिराची फुलं बघायची तर तेव्हाच जा, गवे बघायचे तर जानेवारी ते मार्च. नियम आणि वेळा बदलतात, निघण्याआधी वनखात्याकडं चौकशी करा. पहाटे पहिल्या गाडीत बसा. वाटाड्या त्या भागातला घ्या आणि त्याला वाघ कुठं दिसतो ते विचारण्याआधी गवताची नावं विचारा. आमच्या वाटाड्या पोरानं कुसळी, पवन्या, मारवेल असं एकेक काडी मोडून दाखवलं. काकींनी त्याला त्यात आणखी दोन नावं सांगितली. ती त्याला ठाऊक नव्हती, आणि त्यानं ती खिशातल्या वहीत लिहून घेतली.